लाइट आली आणि टीव्ही गेला: घरासाठी सर्ज प्रोटेक्टर निवडताना, लावताना

दुकानात "टीव्हीला लावायला काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर एक लांबट बोर्ड येतो. चार सॉकेट, एक बटण, एक लाल दिवा. कुणी त्याला स्पाइक बस्टर म्हणतं, कुणी स्पाइक गार्ड, कुणी नुसतं एक्स्टेंशन. काही बोर्डांत खरोखर सर्ज प्रोटेक्टर असतो. काहींच्या पोटात पितळी पट्ट्या आणि तो लाल दिवा सोडून काहीच नसतं. आणि असला, तरी तो विजेच्या एकाच दुखण्यावरचं औषध आहे. म्हणून खरेदी नंतर, निदान आधी.

कशाने जळलं?

"व्होल्टेजने जळलं" या दोन शब्दांत तीन वेगळी दुखणी कोंबलेली असतात.

पहिलं दुखणं म्हणजे सर्ज, क्षणाची लाट. जवळपास वीज पडली, लाइनवर स्विचिंग झालं, लिफ्टची किंवा पंपाची मोटर बंद झाली की तारांवर काही मायक्रोसेकंदांपुरते शेकडो, कधी हजारो व्होल्ट चढतात. दिवा लुकलुकतसुद्धा नाही. मोठी लाट तिथेच पीसीबी (उपकरणातला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) फोडते. छोट्या लाटा रोज थोडं थोडं कुरतडतात आणि मग एका दिवशी सेट-टॉप बॉक्स "आपोआप" बंद पडतो. यावर सर्ज प्रोटेक्टर चालतो.

दुसरं, व्होल्टेज चढून तिथेच राहणं. हे सेकंद, मिनिटं, कधी तासभर चालतं. एकाच वेळी अनेक घरांतले टीव्ही, चार्जर, फ्रिज गेले तर पहिला संशय यावर घ्यावा. इथे सर्ज प्रोटेक्टर स्वतःच भाजतो. त्याच्यामागे लाइन तोडणारं वेगळं उपकरण लागतं.

तिसरं, डीम लाइट, म्हणजे व्होल्टेज कमी पडणं. व्होल्टेज १७०-१८० वर येतं, कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो आणि तापतो. त्याला स्टॅबिलायझर हवा. सर्ज प्रोटेक्टर कमी व्होल्टेज वाढवत नाही आणि जास्त व्होल्टेज कमी करून पुढे देत नाही. तो फक्त लाटेचं टोक छाटतो.

दुसऱ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा न्यूट्रलमध्ये असतं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. डीपीवरून (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. तुमच्या घरात एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे २३० व्होल्ट. शेजाऱ्याकडे दुसरा फेज, न्यूट्रल तोच. दोन फेजमध्ये आपसात ४०० व्होल्ट असतात. फांदी पडून, गंजून किंवा मीटर रूममधला अॅल्युमिनियमचा लग (तारेच्या टोकाचा जोड) सैल होऊन हा सामाईक न्यूट्रल सुटला, की तुमचं घर आणि शेजाऱ्याचं घर एकामागे एक जोडले जाऊन त्या ४०० व्होल्टवर चालायला लागतात. समजा त्यांच्याकडे गीझर चालू आहे, २००० वॅट, आणि तुमच्याकडे टीव्ही, पंखे, दिवे मिळून ५०० वॅट. हिशोब केला तर त्यांच्या वाट्याला साधारण ८० व्होल्ट येतात आणि तुमच्या वाट्याला ३२०. ज्याच्या घरात कमी उपकरणं चालू, त्याला जास्त मार. रात्री सगळं बंद करून फक्त फ्रिज आणि राउटर चालू ठेवणाऱ्यांचे नेमके फ्रिज आणि राउटर जातात, ते यामुळे.

ओळखण्याची खूण अशी: पंखा अचानक जोरात फिरतो, एका घरातले दिवे लखलखतात तर समोरच्या घरातले मिणमिणतात, आणि एखादं उपकरण चालू-बंद केलं की उजेड बदलतो. असं दिसलं तर एकेक प्लग काढत बसू नका. सरळ मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा.

पोटात काय असतं

चांगला बोर्ड उघडला (प्लग काढून, आणि वॉरंटीचा विचार करून) तर पितळी पट्ट्यांजवळ नाण्याएवढ्या दोन-तीन चकत्या दिसतात. बहुधा निळ्या, दोन पायांच्या. ही एमओव्ही, म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. आत झिंक ऑक्साइडचे दाणे भाजून घट्ट बसवलेले असतात. नेहमीच्या व्होल्टेजला ही चकती जवळपास काहीच करंट जाऊ देत नाही. व्होल्टेज ठरावीक पातळीवर गेलं की तीच चकती काही नॅनोसेकंदांत वाट मोकळी करते आणि जादा ऊर्जा स्वतःच्या अंगावर, उष्णतेच्या रूपात घेते.

चकतीवर '१४-डी-४३१-के' असं काहीसं छापलेलं असतं. १४ म्हणजे १४ मिलिमीटर व्यास. ४३१ म्हणजे ४३ वर एक शून्य, ४३० व्होल्ट. एवढ्याला ती उघडायला लागते. अशी चकती २७५ व्होल्ट एसी कायम सोसते आणि लाट आली की व्होल्टेज साधारण ७१० च्या आसपास रोखते. आकडा ऐकून दचकायला होतं, पण २३० व्होल्टच्या लाइनचं शिखर मुळातच ३२५ व्होल्टला असतं. त्याच्या अगदी लगत रोखायचं ठरवलं तर चकती दिवसभर तापत राहील.

याच कारणाने अमेरिकेतून येताना कुणी हौसेने आणलेला सर्ज प्रोटेक्टर इथे लावू नये. तिकडची लाइन १२० व्होल्टची. त्या बोर्डातल्या चकत्या आपल्या रोजच्या ३२५ च्या शिखरालाच लाट समजतात आणि प्लग घातल्या घातल्या धूर निघतो. अॅडॉप्टर लावून पिनांचा आकार जुळतो, व्होल्टेज नाही.

सोबत एक थर्मल फ्यूज हवा, चकतीला चिकटलेला. चकती जीर्ण झाली की ती शॉर्ट होण्याकडे झुकते आणि तापते. तो फ्यूज तिला वेळेत लाइनवरून सोडवतो. तो नसेल तर बोर्डाचं प्लॅस्टिक काळं पडतं, वितळतं, कधी पेटतं.

पायरी १: अर्थिंग तपासा

ही पायरी गाळून पुढे जाणारे फार. चांगल्या बोर्डात लाट वळवायचे तीन मार्ग असतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. अर्थिंगच नसेल तर पहिला मार्गच उरतो. शिवाय एक उपद्रव वाढतो. एका बोर्डावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटर असतील तर त्या सगळ्यांच्या फिल्टरमधून झिरपणारा बारीक करंट त्या लटकत्या अर्थच्या तारेवर जमतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लोक बोर्डाला दोष देतात. दोष भिंतीत असतो.

मल्टिमीटर असेल आणि तो वापरायची सवय असेल तर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून तीन मापं घ्या. वरचं मोठं भोक अर्थचं. समोरून पाहताना उजवीकडे फेज हवा, डावीकडे न्यूट्रल.

फेज-न्यूट्रल: २२० ते २४० च्या आसपास.
फेज-अर्थ: जवळपास तेवढंच.
न्यूट्रल-अर्थ: एक-दोन व्होल्ट.

न्यूट्रल-अर्थ पाचाच्या वर गेलं तर सैल जोड शोधावा लागेल. फेज-अर्थ ८०, १२० असं काहीतरी तरंगतं दिसलं तर अर्थची तार कुठेतरी तुटलीय किंवा मुळात जोडलेलीच नाही. घरात बरीच उपकरणं चालू असूनही न्यूट्रल-अर्थ अगदी ठणठणीत शून्य आलं, तर खूश होण्याआधी सॉकेट उघडून बघायला सांगा. काही वायरमन अर्थ नसलेल्या सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थला एक तुकडा मारून देतात. टेस्टर खूश, घरमालक खूश. पण न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यावर थेट फेज येतो. तीन दिव्यांचा जो प्लग-टेस्टर मिळतो, त्याला ही लबाडी कळत नाही.

फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून "पेटला म्हणजे अर्थिंग आहे" ही चाचणी घरच्या घरी करू नका. अर्थ तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून फेज घरातल्या सगळ्या धातूच्या अंगांवर जाऊन बसतो. अर्थ-टेस्टर असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. घराच्या अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत असावा असं ते धरून चालतात. बंगल्याचा किंवा वाड्याचा अर्थिंगचा खड्डा असेल तर एप्रिल-मे मध्ये माती सुकते आणि रोध वाढतो. त्या दिवसांत खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत राहणं हा जुना उपाय आजही खरा आहे. फ्लॅट असेल तर तुमच्या बोर्डातली हिरवी तार सोसायटीच्या मुख्य अर्थला पोचते का, हे मीटर रूममध्ये बघावं लागतं.

पायरी २: काय कुठे लावायचं ते ठरवा

साध्या ६ अँपिअरच्या बोर्डावर जास्तीत जास्त १३८० वॅट चालतात (६ गुणिले २३०). टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, साउंडबार मिळून अडीचशे-तीनशे वॅट, म्हणजे आरामात. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटरही चालतील, फक्त प्रिंटर लेझर नसावा, कारण तो तापताना एकदम मोठा करंट ओढतो. इस्त्री १००० वॅट आणि मिक्सर ७५० वॅट एकाच बोर्डावर नकोत.

गीझर (२००० वॅट, जवळपास ९ अँपिअर), एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह यांना लांबट बोर्डाच्या वाटेला जाऊ देऊ नका. त्यांना १६ अँपिअरचं भिंतीतलं सॉकेट आणि त्यांचं रक्षण डिस्ट्रिब्युशन बोर्डातून (घरातला मुख्य बोर्ड, जिथून सगळ्या खोल्यांची लाइन निघते). फ्रिजचा चालू असतानाचा खप शे-दोनशे वॅट, पण साधा कॉम्प्रेसर सुरू होताना काही पट करंट घेतो. फ्रिजला स्वतंत्र एक-सॉकेटचा, १६ अँपिअरचा प्रोटेक्टर मिळतो, तो घ्यावा. इन्व्हर्टर फ्रिजवर "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहिलेलं असतं. ते रुंद व्होल्टेजवर चालण्याबद्दल आहे, लाटेबद्दल नाही.

एसीच्या बाहेरच्या युनिटचा पीसीबी जळण्यामागे कधी पाल किंवा मुंग्याही असतात, आत शिरून शॉर्ट करतात. त्यावर कुठलाही सर्ज प्रोटेक्टर काम करत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी केबलची भोकं बुजवून घ्या.

पायरी ३: खरेदी करताना डबा वाचा

डब्यावर ज्यूल, सर्ज करंट (किती मोठ्या करंटची लाट झेपते) आणि क्लँपिंग व्होल्टेज (लाट किती व्होल्टला रोखली जाते) यांपैकी एकही आकडा नसेल तर तो एक्स्टेंशन बोर्ड आहे, नाव काहीही असो. आकडे असतील तर असे ताडून बघा.

ज्यूल म्हणजे चकत्या एकूण किती ऊर्जा पचवू शकतात. राउटर-चार्जरपुरतं असेल तर काहीशे ज्यूल पुरे, टीव्ही आणि कॉम्प्युटरसाठी हजाराच्या पुढे जा. हा साठा वापरला जातो, प्रत्येक मोठी लाट त्यातून काहीतरी घेऊन जाते. क्लँपिंग व्होल्टेज ७०० च्या आसपास असावं. डब्यावर तीनही मार्गांचा उल्लेख आहे का पाहा. फक्त फेज-न्यूट्रल लिहिलं असेल तर किंमतही त्या मानाने कमी हवी.

दिवे दोन हवेत. एक लाइट आहे हे सांगणारा, दुसरा चकत्या शाबूत आहेत हे सांगणारा ('प्रोटेक्टेड' असं काहीतरी त्याखाली लिहिलेलं असतं). एकच दिवा असलेला बोर्ड चकती मेल्यावरही हसतमुखाने पेटत राहतो आणि तुम्ही वर्षानुवर्षं निश्चिंत.

बाकी हातात घेऊन कळतं: प्लग तीन पिनांचा, अर्थची पिन जाड आणि लांब, आयएसआय मार्क, केबल दमदार, सॉकेटमध्ये प्लग घट्ट बसतो. "युनिव्हर्सल" सॉकेट, ज्यात जगातला कुठलाही प्लग बसतो, त्यात आपला प्लग मात्र अनेकदा सैल बसतो आणि ठिणग्या उडतात. शक्यतो टाळा.

पायरी ४: जोडणी

बोर्ड थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. एका बोर्डात दुसरा बोर्ड नको. केबल लांब पडते म्हणून तिची गुंडाळी करून टीव्हीमागे कोंबू नका, लोड वाढला की गुंडाळी तापते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून लावला की अर्थ गेलं, म्हणजे पहिल्या पायरीची सगळी मेहनत पाण्यात.

कॉम्प्युटरला यूपीएस असेल तर यूपीएसच्या आउटपुटवर सर्ज बोर्ड नको. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह देत नाही, पायऱ्यापायऱ्यांचा वेव्ह देतो. तो बोर्डातल्या फिल्टरला मानवत नाही, आणि वाढलेल्या सॉकेटांमुळे यूपीएसवर लोडही चढत जातो. आउटपुटला साधी पट्टी चालते.

मग दुसरी वाट. लाट फक्त पॉवरच्या तारेने येत नाही. गच्चीवरच्या डिश अँटेनाची केबल, केबलवाल्याची तार, इमारतीबाहेरून ओढलेली तांब्याची इंटरनेट केबल, सीसीटीव्हीची तार, या सगळ्यांतून लाट घरात शिरते आणि एचडीएमआयमार्गे टीव्हीपर्यंत पोचते. टीव्ही चालू, फक्त एचडीएमआय पोर्ट मेलेला, अशी केस आली की बहुतेक ती याच वाटेची असते. कोॲक्स (डिशची गोल केबल) किंवा लॅन (इंटरनेट केबल) आत घेऊन बाहेर सोडणारा बोर्ड मिळतो. तो घेतलात तर ती केबल खरोखर त्यातून फिरवून घ्या, म्हणजे पॉवर आणि सिग्नल दोघांचं अर्थ एकाच जागी येतं. पॉवर बोर्डातून आणि डिशची केबल थेट टीव्हीला, अशी अर्धवट जोडणी केली तर दोन वाटांमधला व्होल्टेजचा फरक टीव्हीच्याच पोटातून वाट काढतो. फायबरच्या काचेतून लाट येत नाही, पण तिला आधार देणारी लोखंडी तार सोबत असेल तर ती खिडकीबाहेरच तोडून घ्यायला सांगा.

पायरी ५: डिस्ट्रिब्युशन बोर्डात एसपीडी

लांबट बोर्ड हा शेवटचा पहारेकरी. जी मोठी लाट बाहेरच्या लाइनने येते, ती दारातच उतरवायला डिस्ट्रिब्युशन बोर्डात एसपीडी (सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस, पूर्ण घरासाठीचा सर्ज प्रोटेक्टर) बसवतात. गीझर, एसी, पंखे, भिंतीतले एलईडी दिवे, पाण्याचा पंप या सगळ्यांचं रक्षण यानेच होतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. पण काय बसवून घ्यायचं आणि झाल्यावर काय बघायचं, ते तुम्हाला माहीत हवं.

सिंगल फेज घराला टाइप-२ (घरच्या बोर्डात बसणारा प्रकार), दोन पोलचा. आकडे असे मागा: नॉमिनल डिस्चार्ज करंट २० किलोअँपिअर, कमाल ४० किलोअँपिअर, व्होल्टेज प्रोटेक्शन लेव्हल (लाट किती व्होल्टला रोखतो) १.५ किलोव्होल्ट किंवा कमी. कायम सोसण्याचं व्होल्टेज २७५ किंवा ३२० मिळतं. जिथे रात्री लाइन २५०-२६० ला जाते, गावाकडे किंवा डीपीच्या अगदी जवळच्या घरांत, तिथे ३२० चाच घ्यावा. २७५ वाला तिथे सतत काठावर राहून लवकर जातो. जोडणी 'एक अधिक एक' प्रकारची, म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल-अर्थमध्ये स्पार्क गॅप. थ्री फेज घराला 'तीन अधिक एक'. इमारतीवर वीजवाहक दांडा असेल तर मुख्य पॅनेलला टाइप-१ किंवा टाइप १+२ लागतो. ते सोसायटीने करायचं काम आहे, ५०३ नंबरच्या फ्लॅटने नव्हे.

जागा: मेन स्विचनंतर, आरसीसीबीच्या (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) आधी. आरसीसीबीच्या पुढे बसवला तर लाट अर्थकडे जाताना आरसीसीबीला ती गळती वाटते आणि प्रत्येक गडगडाटाला घर अंधारात. एसपीडीच्या मागे स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) किंवा फ्यूज लागतो, किती अँपिअरचा ते त्या उत्पादनाच्या पत्रकात दिलेलं असतं. अंदाजाने घालू नये. हा एमसीबी पडला तर घरात लाइट चालूच राहते, फक्त रक्षण गेलेलं असतं. म्हणून तो अधूनमधून बघायचा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: तारेची लांबी. लाट इतक्या वेगाने चढते की सरळ तारसुद्धा तिला अडवते. एक मीटर तारेचा इंडक्टन्स (हाच अडथळा) साधारण एक मायक्रोहेन्री. करंट दर मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअरने वाढत असेल तर त्या एका मीटरवरच एक किलोव्होल्ट पडतो. म्हणजे एसपीडीने १.५ किलोव्होल्टला रोखलेली लाट, दीड मीटर तार वापरली तर, उपकरणांना ३ किलोव्होल्टची दिसते. महागडा एसपीडी घेतला आणि तार वळसे घालून, कडेकडेने, नीटनेटकी बांधली, की पैसे त्या वळशांत अडकले. फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ बार, दोन्ही मिळून ५० सेंटिमीटरच्या आत. तार ६ चौरस मिलिमीटर तांब्याची, सरळ, शक्य तितकी आखूड. दिसायला तिरकी गेली तरी चालेल. त्यासाठी अर्थ बार एसपीडीजवळ सरकवावा लागला तर सरकवून घ्या. दरवाजा बंद करण्याआधी टेप लावून मोजा, इलेक्ट्रिशियन हसला तरी.

त्याला आणखी एक सांगून ठेवा: पुढे कधी वायरिंगचं इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं मीटर) तपासलं तर आधी एसपीडीचं कार्ट्रिज (ओढून निघणारा भाग) काढायचं. मेगरच्या ५०० व्होल्टला एसपीडी उघडतो, रीडिंग खोटं येतं आणि चांगली वायरिंग खराब ठरते.

पायरी ६: न्यूट्रल गेला तर लाइन तोडणारा

ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर डीआयएन रेलवर (बोर्डातली धातूची पट्टी) एमसीबीच्या शेजारी बसतो, वर आकडा दिसतो. व्होल्टेज ठरवलेल्या हद्दीबाहेर गेलं की तो पूर्ण घर तोडतो आणि परत नीट झालं की थोडं थांबून जोडतो. ३२० व्होल्टच्या रात्री घर वाचवणारा हाच. तुमच्या मेन एमसीबीइतक्या किंवा जास्त अँपिअरचा घ्या, आणि तो स्वतः ४०० व्होल्ट सोसतो हे पत्रकात वाचून घ्या, नाहीतर पहिला तोच जातो.

वरची हद्द २६५-२७०, खालची १८० च्या आसपास, परत जोडायला ३ मिनिटं. वरची हद्द २५० ठेवली तर अनेक ठिकाणी रात्री उगाच लाइट जात राहील आणि वैतागून कुणीतरी त्याला बायपास करेल. ३ मिनिटांचा उशीर मुद्दाम आहे. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब उतरायला तेवढा वेळ लागतो, लगेच लाइट दिली तर तो दाबाविरुद्ध सुरू होताना अडकतो आणि तापतो.

हे यंत्र सर्जला फार संथ आहे आणि एसपीडी चढून राहिलेल्या व्होल्टेजला फार कोवळा. दोन्ही हवेत: आधी एसपीडी, मग हा. पैसे एकाचेच असतील तर? सामाईक न्यूट्रलवरची जुनी वस्ती, चाळ, झाडांतून गेलेली लाइन असेल तर आधी व्होल्टेज प्रोटेक्टर. माळावरचं, उघड्यावरचं घर असेल तर आधी अर्थिंग आणि एसपीडी.

वळीव आणि परतीच्या पावसात

एप्रिलपासून वळवाच्या आणि ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात मराठवाडा, विदर्भ, घाटमाथा इथे विजांचा जोर असतो. घरावर किंवा लगतच्या लाइनवर थेट वीज पडली तर वर सांगितलेलं काहीही पुरत नाही. प्लग उपटणं हाच उपाय.

स्विच बंद करणं पुरेसं नाही. घरच्या स्विचमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असते, लाट ती उडी मारून ओलांडते. शिवाय स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रलची तार टीव्हीला जोडलेलीच असते. प्लग सॉकेटमधून बाहेर, डिशची केबल टीव्हीतून बाहेर, राउटरची तार बाहेर.

हे गडगडाट डोक्यावर येण्याआधी करायचं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर दूर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, तिथूनच आवरायला घ्या. त्यापेक्षा जवळ आली असेल तर तारांना हात लावू नका, टीव्ही गेला तर गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवलं तर आसपास विजा कोसळत असल्याची सूचना मिळते.

लाइट गेली तर टीव्ही, फ्रिज, एसी, कॉम्प्युटर यांचे स्विच बंद करा आणि एक दिवा चालू ठेवा. लाइट आल्यावर दिव्याचा उजेड नेहमीसारखा आहे, थरथरत नाही, हे पाहून तीन-चार मिनिटांनी एकेक सुरू करा. पुरवठा परत येतानाची पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट असतात. लाइन मिळते, जाते, पुन्हा मिळते.

वर्षातून दोनदा

मार्चअखेर आणि दिवाळीच्या साफसफाईत पाच मिनिटं काढा. लांबट बोर्डाचा 'प्रोटेक्टेड' दिवा पेटतोय का? विझला असेल तर बोर्ड बदला, दुरुस्तीला देऊ नका. नाक्यावरचा दुकानदार चकती कापून टाकून "चालू करून" देतो. सॉकेट चालतात, बाकी काही उरत नाही. बोर्ड तासाभराने हाताला गरम लागला, पिवळा पडला, सॉकेटजवळ जळका वास आला तरी तेच.

एसपीडीच्या खिडकीत हिरवं हवं. लाल दिसलं तर कार्ट्रिज संपलं. बहुतेक एसपीडींत ते ओढून काढून नवं बसवता येतं, मेन बंद करून. त्याच व्होल्टेजचं आणि त्याच कंपनीचं घ्या. एसपीडीचा एमसीबी वर आहे ना तेही बघा. मोठी वीज जवळ पडून गेली असेल तर मार्चची वाट न पाहता दुसऱ्या दिवशीच.

दिवा ठीक असला तरी चार-पाच वर्षांनी लांबट बोर्ड बदलून टाकावा, कारण चकतीत किती ज्यूल उरलेत हे बाहेरून कळायला मार्ग नाही. नवा बोर्ड लावताना पाठीवर मार्करने महिना आणि साल लिहून ठेवा. टीव्हीमागचा बोर्ड कधी घेतला होता, हे पाच वर्षांनी घरात कुणालाच आठवत नसतं.